नाव आपले, पाटी भाड्याची

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरी फोन वाजला की तो बहुधा फराळाचा असतो. कुणाचे डबे पोचले, कुणाची चकली मऊ पडली, कुणाला अनारसे आणखी हवेत, असलेच विषय. २०२४ च्या दिवाळीत मात्र सांगलीहून भाचीचा फोन आला आणि तिच्या तोंडून पहिलेच वाक्य आले, "मामा, आपलं नाव गेलं." माझ्या छातीत धस्स झाले. नाव गेले म्हणजे अब्रू गेली, असा आमच्या पिढीचा सरळ अर्थ. दोन मिनिटांनी उलगडा झाला, की अब्रू शाबूत आहे. गेले आहे ते इंटरनेटवरचे नाव. पण पुढचे सगळे ऐकून झाल्यावर मला वाटले, की माझा पहिला अर्थही फारसा चुकीचा नव्हता.

भाचीचा धंदा लहानसा. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीत फराळ. स्वयंपाकघरातून सुरू झालेले काम हळूहळू मागच्या पडवीत गेले आणि तिथून भाड्याच्या गाळ्यात. २०१९ साली तिने इंटरनेटवर दुकान मांडले. शेजारच्या एका हुशार मुलाने ते उभे करून दिले. शेवटी 'डॉट इन' असलेले छान नाव मिळाले. पहिल्या वर्षाचे पैसे कौतुकाने मीच दिले. सिनेमाच्या दोन तिकिटांहूनही कमी होते ते! पिशव्यांवर, डब्यांवर, गाळ्याच्या पाटीवर ते नाव छापले गेले. पुण्यामुंबईची आणि परदेशातली मराठी घरे त्याच नावाने तिच्यापर्यंत पोचू लागली.

पाच वर्षे सुरळीत गेली. २०२४ च्या जुलै अखेरीस नावाची मुदत संपली. आठवणीची पत्रे गेली होती, नाही असे नाही. पण ती गेली त्या मुलाच्या जुन्या ई-मेल पत्त्यावर. तो मुलगा दोन वर्षांपूर्वीच नोकरीसाठी परगावी गेला होता आणि तो पत्ता त्याने केव्हाच सोडून दिला होता. दुकान बंद दिसू लागले, तेव्हा भाचीला वाटले की काहीतरी तांत्रिक बिघाड असेल. श्रावण, गणपती, नवरात्र, सगळी कामाची गर्दी. फोनवर ऑर्डरी येत होत्या, तेव्हा तिने फार मनावर घेतले नाही. शेवटी चौकशी केली, तर नोंदणी करणाऱ्या कंपनीने सांगितले, की हे नाव तुमचे नाहीच. ते ज्याच्या नावावर आहे त्याने विचारावे. मुलाचा ठावठिकाणा लागेपर्यंत मुदत उलटून गेली, नाव खुले झाले आणि कुणा तिसऱ्यानेच ते उचलले. दिवाळीच्या आठवड्यात त्या पत्त्यावर भाचीच्या भडंगाऐवजी 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी लागली होती. मागितलेल्या किमतीत एक चांगला फ्रीज आला असता.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी सांगायची मला लाज वाटते. मी दुय्यम निबंधक कार्यालयात एकतीस वर्षे नोकरी केली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा असे हजारो दस्त माझ्या टेबलावरून गेले. समोर माणूस आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "दस्त कुणाच्या नावावर?" सख्ख्या भावाभावांनाही आम्ही तो विचारायचो. आणि माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत, पैसे खिशातून काढून देताना, मी तो प्रश्न विचारला नाही. का, तर समोर कागद नव्हता, मुद्रांक नव्हता, साक्षीदार नव्हते आणि रक्कम किरकोळ होती. किरकोळ रकमेच्या व्यवहाराला आपण व्यवहारच समजत नाही. चूक आमचीच होती, हे आधी कबूल करतो. पण आमचीच होती आणि आमचीच फक्त होती, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे.

त्या हिवाळ्यात मी हा विषय खोदून काढला. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो आणि जुन्या कारकुनाला नियम वाचायची खोडच असते.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आकड्यांच्या जागी नावे वापरायची पद्धत १९८३ साली अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली. नावाच्या शेवटी येणारे शेपूट म्हणजे आपल्या भाषेत गाव आणि त्याआधीचा भाग म्हणजे घर. ही गावे दोन प्रकारची. 'डॉट कॉम'सारखी कुठल्याच देशाची नसलेली, आणि 'डॉट इन'सारखी देशाच्या नावाची दोन अक्षरी. कुठल्या देशाला कुठली दोन अक्षरे, हा भांडणाचा विषय होऊ नये म्हणून ही यादी सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. देश कोणता आणि कोणता नाही हे आपण ठरवायचे नाही, आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेची तयार यादी घ्यायची, असे त्यांनी ठरवले. (त्यातही ब्रिटनने आपला हट्ट पुरवून घेतलाच. यादीप्रमाणे त्यांचे 'जीबी', पण वापरतात ते 'यूके'.)

याच पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये काही नियम लिहून ठेवले. त्यांतला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. देशाच्या नावाचे शेपूट जो सांभाळतो तो मालक नव्हे, विश्वस्त होय. त्याने हक्काची भाषा बोलू नये, सेवेची बोलावी, असा त्याचा मथितार्थ. देवस्थानच्या जमिनीचे दस्त पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळते. जमीन देवाची, वहिवाट पुजाऱ्याची, आणि भांडणे सुरू होतात ती पुजारी जमिनीला आपली म्हणू लागतो तेव्हा.

आपले 'डॉट इन' मे १९८९ मध्ये नोंदले गेले, आणि मुंबईकरांना ऐकून बरे वाटेल, की सुरुवातीला ते सांभाळले जात होते जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे त्याच्या सहा वर्षांनंतर. त्या काळी 'डॉट इन'चे नियम कडक होते. २००४ अखेरपर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली होती. २००५ च्या आरंभी कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी'कडे आला, दारे उघडली आणि आज ही संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत नाव घेता येते. त्यासाठी भारतीय असण्याचीही अट नाही. निक्सी नोंदणी करणाऱ्या कंपन्यांना घाऊक दराने नावे देते आणि त्या कंपन्या आपल्याला किरकोळ दराने. किरकोळ दर त्यांचा त्यांनी ठरवायचा.

आणि इथेच तो शब्दांचा खेळ आहे. जाहिरातीत म्हणतात, 'नाव विकत घ्या'. प्रत्यक्षात काहीही विकत मिळत नाही. मिळतो तो मुदतीचा भाडेपट्टा. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा कागद करताना भाडेकरूला पुढच्या वर्षीची भाडेवाढ कागदावर दिसते, सोडायची मुदत दिसते, अनामत दिसते. इथे पहिल्या वर्षाचा दर ठळक अक्षरांत, आणि दुसऱ्या वर्षापासूनचा, जो पुष्कळदा दुप्पट-तिप्पट असतो, तो शोधावा लागतो. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत, मग जबर शुल्क भरून सोडवण्याची मुदत, मग नाव खुले, हा क्रम तर शंभरातल्या नव्वद माणसांना ठाऊक नसतो. मलाही नव्हता.

असे देशोदेशी काय चालते ते पाहू लागलो, तर मौजेच्या आणि विषादाच्या दोन्ही कथा सापडल्या. प्रशांत महासागरातला तुवालू हा अकरा हजारांच्या आसपास वस्तीचा देश. यादीतल्या क्रमाने त्याच्या वाट्याला 'टीव्ही' ही दोन अक्षरे आली आणि दूरचित्रवाणीच्या जगाने ती डोक्यावर घेतली. अक्षरे वापरू देण्याच्या करारातून जो पैसा आला, त्यातून या चिमुकल्या देशाने संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च भागवला आणि सप्टेंबर २००० मध्ये तो १८९ वा सदस्य झाला. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाची गोष्ट ताजी. त्याची अक्षरे 'एआय'. कृत्रिम बुद्धिमत्तेचे वारे सुटले आणि २०२३ साली या सोळा हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या बेटाला नावांच्या शुल्कातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक! ज्या बेटाचे पोट पर्यटकांवर आणि ज्याला वादळाचे भय कायमचे, त्याने नावाला भाव चढवला तर त्यात मला काही वावगे दिसत नाही. पैसा तिथल्या लोकांच्या तिजोरीत गेला.

पण 'डॉट आयओ'चे काय? संगणकाच्या धंद्यातल्या तरुण कंपन्यांची ही लाडकी अक्षरे. ती आहेत हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची, म्हणजे चागोस बेटांची. तिथल्या मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी घरादारासकट उठवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडले. नाव त्यांच्या बेटांचे, नोंदणीचा धंदा खासगी कंपनीचा, आणि बेटे सुटलेल्या त्या लोकांच्या हातावर त्यातले काही पडले नाही. आता गंमत पाहा. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी ही बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि जगभर पहिली चिंता कसली व्यक्त झाली? तर प्रदेशाचे नावच यादीतून गेले तर आमच्या कंपनीच्या पत्त्याचे काय! यादीतून अक्षरे गेली की शेपूट बंद करायला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची मुदत देण्याचा नियम आहे. युगोस्लाव्हियाचे 'वाययू' असेच २०१० च्या मार्चमध्ये मिटले. देश आधीच मिटला होता, पाटी मागून उतरली.

किंमत जास्त असली की गरीब बाहेर राहतो, हे खरे. मग फुकट द्यावे का? तोही प्रयोग होऊन गेला. टोकेलाऊ हा न्यूझीलंडच्या छत्राखालचा दीड हजार वस्तीचा मुलूख. त्याचे 'डॉट टीके' एका परदेशी कंपनीमार्फत वर्षानुवर्षे फुकट वाटले गेले. एके काळी देशांच्या शेपटांत त्याची संख्या जगात सर्वाधिक होती. पण फुकटच्या धर्मशाळेत यात्रेकरूंपेक्षा भामटेच जास्त उतरले. खोट्या बँका, खोटी दुकाने यांनी ते नाव इतके बदनाम झाले, की शेवटी कोर्टकज्जे उभे राहिले. २०२३ मध्ये नव्या नोंदण्या थांबल्या आणि २०२४ मध्ये ती कंपनी धंद्यातूनच बाहेर पडली. नाव खराब झाले ते मात्र टोकेलाऊच्या दीड हजार माणसांचे.

आणि किंमत वाजवी असूनही अटीने घात होतो, त्याचे उदाहरण युरोपात. 'डॉट ईयू' हे नाव युरोपीय संघाच्या रहिवाशांना आणि नागरिकांना मिळते. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून, ज्यांचा संघाशी दुसरा कोणताच संबंध उरला नव्हता, अशा ब्रिटिश धारकांची नावे स्थगित झाली. पुढच्या वर्षी ती काढून घेतली गेली. त्या दुकानदारांनी पैसे वेळेवर भरले होते. मालही चांगला विकला असेल. पण अट बदलली नव्हती, ती पाळणारा देश बदलला होता. मात्र एक सांगायला हवे. तिथे सूचना आधी कितीतरी महिने आणि पुन्हा पुन्हा दिली गेली होती. नियम कठोर असला तरी तो अंधारात लागू झाला नाही.

या साऱ्यातून मला एक गोष्ट पटली. आपण भांडतो दरावर, आणि मार खातो अटींवर. 'डॉट इन'चा दर जगाच्या मानाने स्वस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. उलट, भामट्यांना परवडू नये इतका तो असावा आणि बचत गटातल्या बाईला परवडावा इतकाच असावा, असे मी म्हणेन. ओळख पटवून घेण्याचा जो दंडक आपल्याकडे आता आला आहे, तोही चांगला. माझी मागणी निराळी आहे, आणि ती निबंधक कार्यालयाच्या अनुभवातून आलेली आहे.

पहिली मागणी अशी, की नाव ज्याच्यासाठी घेतले त्याच्याच नावावर नोंदले जावे. दुसऱ्याने अर्ज भरला, तर खऱ्या धारकाच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत एक ओळ जावी, 'हे नाव अमुक माणसाच्या नावावर नोंदले आहे, मान्य आहे का?' आमच्याकडे कुलमुखत्यारपत्राने दस्त होतो, पण मालमत्ता मुखत्याराच्या नावावर चढत नाही. इथे ती सर्रास चढते. गावोगावी दुकाने, शाळा, देवस्थाने, पतसंस्था यांची नावे ती मांडून देणाऱ्या पोराच्या खात्यात पडून आहेत. पोरे अप्रामाणिक नाहीत. आमचाही नव्हता. ठावठिकाणा लागल्यावर त्याने दहा वेळा माफी मागितली. पण व्यवस्था माणसाच्या प्रामाणिकपणावर नाही, कागदावर चालावी, म्हणून तर नोंदणीचे कायदे झाले.

दुसरी मागणी दराची. पहिल्या वर्षाचा दर, नूतनीकरणाचा दर आणि मुदत टळल्यावर सोडवण्याचे शुल्क, हे तीनही आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच ठिकाणी, पैसे भरण्याआधी दाखवले जावेत. बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत सक्तीची असू शकते, तर याला का नसावी? घाऊक देणारा निक्सी आहे. आपल्या कंपन्यांवर ही अट घालणे त्याला अवघड नाही.

तिसरी मागणी मुदतीची. पाच-सहा वर्षे सलग वापरात असलेले नाव चुकून सुटले, तर ते लगेच बाजारात न सोडता काही काळ राखून ठेवावे आणि मूळ धारकाला वाजवी दंड भरून परत मिळावे.

यावर आमच्या जावईबापूंचा आक्षेप आहे. ते याच क्षेत्रातले. त्यांचे म्हणणे, "बाबा, निष्काळजी माणसाची जबाबदारी नोंदणी कार्यालयाने का घ्यायची? नावे अडवून ठेवली तर नव्या माणसाला मिळणार कधी? आणि प्रत्येक अटीचा खर्च शेवटी दरातच येतो." म्हणणे खोटे नाही. लबाडीने घेतलेल्या नावासाठी निक्सीने लवादाची सोयही २००५ पासून ठेवली आहे, हे त्यांनीच दाखवून दिले. पण लवादापुढे समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. त्यासाठी बोधचिन्ह, नोंदी, वकील लागतात. भडंग विकणारी बाई ऐन दिवाळीत ते करणार, की चकल्या तळणार? शिवाय सरकारला मनावर घेतले की जमते, हे आपण नुकतेच पाहिले. बँकांच्या नावाने होणारी फसवणूक थांबावी म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या खास पत्त्यावर येण्यास सांगितले. ते नाव बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. बँकेच्या नावाला एवढे जपायचे आणि बाईच्या नावाला मुळीच नाही, हा न्याय मला पटत नाही.

भाषेचाही प्रश्न आहेच. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळते. मराठीत, कोकणीत संपूर्ण पत्ता लिहिता येतो. पण कितीतरी ठिकाणच्या फॉर्मांत असा पत्ता लिहिला की यंत्र म्हणते, चुकीचा आहे! आणि ज्या अटींवर सही करायची, त्या इंग्रजीत. आमच्या कार्यालयात न वाचता येणाऱ्याला दस्त वाचून दाखवावा लागे आणि तसे लिहून ठेवावे लागे. इथे न वाचता 'मान्य आहे'च्या चौकोनावर बोट टेकवले की झाले.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. घरात कुणाचे दुकान, शिकवणी, दवाखाना, संस्था यांचे इंटरनेटवर नाव असेल, तर आज रविवार आहे, चहा घेताना तीन प्रश्न विचारा. नाव कुणाच्या नावावर आहे? आठवणीची पत्रे कुणाच्या पत्त्यावर जातात? मुदत कधी संपते? तीनही उत्तरे घरातल्या माणसाला ठाऊक नसतील, तर सोमवारीच कामाला लागा.

भाचीने तो फ्रीजच्या किमतीचा सौदा केला नाही. "त्या पैशात दोन कढया येतात मामा," म्हणाली. थोडे बदलून नवे नाव घेतले, एक 'डॉट इन' आणि एक 'डॉट भारत', दोन्ही दहा वर्षांसाठी. जुन्या नावाच्या पिशव्यांचे दोन गठ्ठे अजून गाळ्यात पडून आहेत. त्यांवर ती हाताने नवे नाव चिकटवते. परदेशातल्या काही जुन्या गिऱ्हाइकांनी मात्र पुन्हा विचारले नाही. दुकान बंद झाले, असेच त्यांना वाटले असणार.

या वेळी अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. चष्मा लावून, जुन्या सवयीने विचारले, "कुणाच्या नावावर?"

"माझ्या," ती म्हणाली, आणि स्वतःचे पूर्ण नाव एकेक अक्षर बघत लिहू लागली.